एकवीस सूचना आणि एक लंगोट

लंगोट कसे धुवावेत याबद्दल सव्वीस वर्षांत मला कुणी अवाक्षर विचारलं नव्हतं, आणि मग एका सोमवारी त्याच विषयावर मला एकवीस सूचना मिळाल्या. छापील. गुळगुळीत कागदावर, प्रत्येक सूचनेशेजारी एक हसरं बाळ. एकाही बाळाचा लंगोट ओला नव्हता, मग हसायला त्यांचं काय जात होतं.

मी प्रसूतिगृहाच्या तळघरातलं धुलाईघर सांभाळते. वर बाळं जन्मतात, त्यांचे फोटो निघतात, डॉक्टरांना फुलं मिळतात, आणि खाली माझ्याकडे जे यायचं ते येतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. पहिल्या महिन्यात सगळ्यांची शी सारखीच असते, बाप कुणी का असेना. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी नाक मुरडलं, पण खोटं आहे असं अजून कुणी म्हणालं नाही. मला सगळे मावशी म्हणतात. डॉक्टर म्हणतात, बाळांच्या आया म्हणतात, वयाने माझ्याहून मोठे असलेले लिफ्टवालेसुद्धा म्हणतात.

माझी पद्धत कुठे छापलेली नाही. शीचा लंगोट आधी गार पाण्यात खळबळायचा. गरम पाण्याची घाई केली की डाग कायमचा मुक्कामाला येतो. मग गरम पाणी, साबण बेताचा, आणि फेस संपेपर्यंत पाणी बदलत राहायचं. साबण कापडात राहिला की दुसऱ्या दिवशी बाळ लालेलाल होतं. कापड नवं असेल तर पाच-सहा वेळा उकळून काढल्याशिवाय ते बाळाजवळ न्यायचं नाही, कारण कोऱ्या कापडाला पाणी प्यायची सवय नसते. मग गच्चीवर कडक ऊन. आणि सगळ्यात शेवटी थेंब. वाळलेल्या लंगोटावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि मोजायचं. एक, दोन, तीन. तीनच्या आत थेंब कापडात शिरला तर लंगोट वर वॉर्डात जातो. वरच बसून राहिला तर लंगोट परत हौदात. यात कुणाची ओळख चालत नाही.

तर त्या सोमवारी व्यवस्थापकांनी नेमलेल्या नव्या सल्लागार बाई तळघरात आल्या. गळ्यात ओळखपत्र, त्यावर ‘शिशुवस्त्र मार्गदर्शक’ असं लिहिलेलं. वय तिशीच्या आसपास, साडीला एक चुणी नाही, आणि पायात चपला अशा की ओल्या फरशीवर कुणी काम करतं हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. मी मनातल्या मनात त्यांचं नाव सूचनाबाई ठेवलं.

“मावशी, हे वाचून घ्या,” त्यांनी कागद पुढे केला. “सोपी भाषा आहे.”

“मला अवघडही वाचता येते,” मी म्हटलं आणि हात पुसून तिथेच वाचायला घेतलं.

पहिली सूचना होती, ‘लंगोटाची निवड प्रसन्न मनाने करा.’ तिसरी, ‘नवा लंगोट वापरण्यापूर्वी एकदा धुवा.’ चौथी, ‘लंगोट ओला झाल्यास बदला.’ ही वाचून मी बाईंकडे बघितलं. सव्वीस वर्षं मी काय करत होते असं त्यांना वाटत होतं, देव जाणे. पण सातव्या सूचनेपाशी माझं डोकं तडकलं. ‘शेवटच्या पाण्यात दोन झाकणं सॉफ्टनर घाला. लंगोट मऊ राहतील व सुगंध दरवळेल.’

“बाई,” मी म्हटलं, “ते सॉफ्टनर साडीला ठीक आहे. लंगोटात घातलंत की धाग्यावर मेणासारखा थर बसतो, आणि कापड पाणी पीत नाही. लंगोटाला आयुष्यात काम एकच असतं. तेच तो करणार नसेल तर त्याला सुगंध घेऊन काय करायचंय?”

“हे कुठे लिहिलंय?”

“बाळाच्या बुडावर,” मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि चपला वाचवत जिना चढून गेल्या.

दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापकांचं पत्र आलं. ‘आपण बदलास विरोध दर्शवल्याचे निदर्शनास आले आहे,’ अशी सुरुवात. पुढे असं की गुरुवारी विश्वस्त मंडळ येणार, त्यांच्यासमोर सूचनाबाई खऱ्या बाळावर कापडी लंगोटाचं प्रात्यक्षिक करणार. ते यशस्वी झाल्यावर एकवीस सूचना लागू होणार, धुलाई बाहेरच्या यंत्रवाल्या लाँड्रीकडे जाणार, धुलाईघर बंद होणार आणि मी स्वागतकक्षातल्या कुंड्यांची देखभाल करणार. प्रात्यक्षिक फसलं तर काय, हे पत्रात नव्हतं. आमच्या व्यवस्थापकांच्या पत्रात काहीही कधी फसत नाही.

मी तडक वर गेले. व्यवस्थापक चांगला माणूस आहे, फक्त तो कधी तळघरात आलेला नाही. लिफ्टमधलं खालचं बटण कशासाठी आहे हे त्याला अजून ठाऊक नसावं.

“साहेब, त्या सूचना चुकीच्या आहेत,” मी म्हटलं. “बाळांना त्रास होईल.”

“मावशी, तुमच्या पद्धतीचं काही लेखी आहे का?”

“नाही.”

“मग ती पद्धत नाही,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “ती सवय झाली.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वीस वर्षं ज्या हातांनी या इमारतीतली हजारो बुडं कोरडी ठेवली, त्या हातांना सवय होती म्हणे. मी जिना उतरून खाली आले, पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि बराच वेळ नुसती त्याच्यासमोर उभी राहिले. मला कुंड्या आवडत नाहीत. कुंडीत पाणी घातलं की झालं, कुंडीला कधी पुरळ येत नाही. मला माझं धुलाईघर हवं होतं.

आणि मग मला सुचलं की विरोध केला हाच माझा गुन्हा असेल, तर विरोध करायचाच नाही. सांगितलं तेवढंच करायचं. अक्षर न् अक्षर.

प्रात्यक्षिकासाठी बारा नवे लंगोट आले होते. कोरे, खळ न गेलेले, हातात कागदासारखे वाजणारे. तिसऱ्या सूचनेप्रमाणे मी ते एकदा धुतले. एकदाच. सातव्या सूचनेप्रमाणे दोन झाकणं सॉफ्टनर घातलं. तिसरं झाकण घातलं नाही. माझ्याकडून आगाऊपणा नको. वाळल्यावर इस्त्री केली. काय सुंदर दिसत होते म्हणून सांगू. पांढरे शुभ्र, गालावर फिरवावेत असे मऊ, आणि सगळ्या तळघरात फुलांचं दुकान उघडल्यासारखा वास. एकावर थेंब सोडला. तो गोटीसारखा ऐटीत बसला. मी तीनपर्यंत मोजलं, तीसपर्यंत मोजलं, मग चहा प्यायला गेले. परत आले तरी तो तिथेच होता.

वॉर्डातले रोजचे लंगोट अर्थातच मी माझ्या सवयीने धुतले. बाळांनी माझं काय वाकडं केलं होतं? पण खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत मला फार मजा आली. काम करता करता मी गाणं गुणगुणत होते, आणि माझा आवाज काही बरा नाही.

गुरुवारची कार्यक्रमपत्रिका भिंतीवर लागली. अकरा वाजता स्वागत. अकरा दहाला बाळास लंगोट नेसवणे. अकरा वीसला बाळाची शू. अकरा पंचवीसला अध्यक्षांकडून पाहणी. साडेअकराला अल्पोपाहार. ती मी दोनदा वाचली. बाळाच्या शूची वेळ ठरवणारा माणूस मला बघायचा होता.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी गच्चीवर होते. चादरी वाळत घातल्या होत्या, त्यांच्या मागे मी लंगोट उतरवत होते. तेवढ्यात कुणीतरी गच्चीवर आलं आणि फोनवर बोलू लागलं. आवाज सूचनाबाईंचा. पलीकडे सासूबाई असाव्यात, कारण दर वाक्याआधी ‘हो आई’ येत होतं.

“हो आई. परत लाल झालंय?... नाही, कापडाचे नका लावू. ते कपाटातच राहू देत, वरच्या खणात. बाजारचंच लावा... हो आई, मला माहितेय. मला स्वतःला जमलं नाही आणि मी लोकांना शिकवतेय. हो आई. ठेवते.”

मी चादर बाजूला केली. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगते, लपवण्यात काय अर्थ आहे. मला आनंद झाला. कापडी लंगोटाच्या मार्गदर्शक बाईंच्या घरी बाळाला बाजारचा डायपर. ही बातमी तळमजल्यापर्यंत न्यायला मला लिफ्टही लागली नसती. पण त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. खालच्या वॉर्डातल्या बायकांच्या डोळ्यांखाली असतात तशीच, आणि ती मी इतके दिवस बघितलीच नव्हती. माझं लक्ष चपलांवर.

“केवढं आहे बाळ?” मी विचारलं.

“पाच महिन्यांचं.” मग त्या कठड्याला टेकल्या आणि सगळं बोलून मोकळ्या झाल्या. बाळ यायच्या आधी हौसेने चोवीस लंगोट शिवले होते. एकही टिकला नाही. नेसवला की पाच मिनिटांत झबलं ओलं, दुपटं ओलं, गादी ओली. बाळ ओल्यात पडून राहायचं, मांड्या सोलवटून निघाल्या. महिनाभराने त्यांनी लंगोट कपाटात टाकले. “मला वाटलं माझ्याच हाताला जमत नाही. सूचना तर बरोबरच असणार. छापलेल्या आहेत.”

“छापल्या कुणी?”

“मीच,” त्या म्हणाल्या. “इकडून तिकडून गोळा करून.”

“आणि सातवी?”

“ती माझी स्वतःची. घरात सगळे म्हणत होते, लंगोट कडक आहेत, पोराला बोचतात. म्हणून मी सॉफ्टनर घालायला लागले.”

“वर मलमही चोपडत असशील.”

मी एकदम ‘अगं-तुगं’वर आले होते, ते आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही. ती म्हणाली, “हो, पुरळ आलं म्हणून. भरपूर.”

“म्हणजे कापडाला वरून मलमाचाही थर. मलम लावायचं तर मध्ये पातळ फडकं घालायचं, म्हणजे लंगोटाला लागत नाही. आणि कोरं कापड एकदा धुऊन भागत नाही, पाच-सहा वेळा उकळावं लागतं. ये इकडे.”

मी तिच्यासमोर दोन लंगोट कठड्यावर पसरले. एक ऊन दाखवायला वर आणलेल्या तिच्या बारा शुभ्रांपैकी, एक माझा जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला, रंगाने जरा मळकट. बादलीत बोट बुडवून दोन्हींवर एकेक थेंब सोडला. माझ्यातला थेंब दोन म्हणायच्या आत गेला. तिच्यातला उन्हात चमकत बसला. ती तो बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मावशी, तुम्हाला आधीच माहीत होतं. तरी तुम्ही हे असेच धुतलेत.”

“सूचनेप्रमाणे,” मी म्हटलं, पण म्हणताना मला पूर्वीइतकी मजा आली नाही.

तिची नेमणूक तीन महिन्यांची होती. पुढे ठेवायचं की नाही ते आजच्या प्रात्यक्षिकावर ठरणार होतं, आणि घरात सध्या नोकरी एकटीचीच. प्रात्यक्षिक फसलं तर ती जाणार. फत्ते झालं तर माझं धुलाईघर जाणार. मी थोडा वेळ चादरीची घडी घालत विचार केला. ती घडी मी तीनदा मोडली.

“हे बघ,” शेवटी मी म्हटलं, “प्रात्यक्षिकाच्या ताटात सगळ्यात वर मी माझा लंगोट ठेवते. तोच उचल, खालच्यांना हात लावू नकोस. तुझं प्रात्यक्षिक पार पडेल. पण विचारतील तेव्हा खरं सांगायचं. हा धुलाईघरातला आहे, मावशींच्या पद्धतीने धुतलेला आहे. एवढं एकच वाक्य. म्हणजे तूही राहशील, मीही राहीन.”

“सांगते मावशी,” ती म्हणाली. “नक्की सांगते.”

पहिल्या मजल्यावरच्या दालनात अकरा वाजता सगळे जमले. पुढे तीन विश्वस्त, मधोमध अध्यक्ष, पांढऱ्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात. मागे नुकत्याच बाळंत झालेल्या दहा-बारा आया, बाजूला मोठ्या सिस्टर, आणि कोपऱ्यात मी, हातात ताट घेऊन. खांद्यावर माझा नेहमीचा हात पुसायचा जुना लंगोट होता, तो उतरवायचं राहूनच गेलं. टेबलावर सहा दिवसांचा एक मुलगा झोपला होता, शेजारी त्याची आई.

अध्यक्षांचं स्वागताचं भाषण अकरा वीसपर्यंत चाललं. बाईने वरचा लंगोट उचलला. घडी बरोबर घातली, मुलगा म्हणून जाड पट्टी पुढे घेतली, नाळेच्या खाली दुमडलं. पीन लावताना ती अडखळली. “आपली दोन बोटं आत घाल,” मी कोपऱ्यातून म्हटलं, “म्हणजे टोचली तर आपल्याला टोचेल.” मागच्या आयांनी माना डोलावल्या. तेवढ्यात बाळाचा चेहरा एकदम गंभीर झाला, पाय ताठ झाले आणि मग सैल पडले. त्याने काम केलं होतं.

अध्यक्षांनी बाळाखालच्या चादरीला हात लावला. कोरडी. झबल्याला हात लावला. कोरडं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“उत्तम,” अध्यक्ष म्हणाले. “म्हणजे हा आपल्या एकवीस सूचनांप्रमाणे धुतलेला लंगोट, नाही का?”

बाईने माझ्याकडे बघितलं. मग व्यवस्थापकाकडे बघितलं. तो लिहायच्या तयारीत पेन धरून उभा होता.

“हो,” ती म्हणाली.

एवढंसं ‘हो’, पण त्याने माझा हौद, माझी चूल, माझ्या दोऱ्या, सगळं पुसून टाकलं. राग आला असं म्हणू नका, राग नंतर आला. आधी फक्त वाईट वाटलं.

बाई ओला लंगोट सोडायला लागली. अध्यक्षांना अजून जवळून बघायचं होतं, म्हणून ते दोन्ही हात टेबलावर टेकून वाकले. बाळाची पहिली शू ही नुसती प्रस्तावना होती हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. उघडं पडताच त्याने जी धार सोडली, ती अध्यक्षांच्या दोन्ही तळव्यांवर आणि उजव्या बाहीवर. ते हात वर धरून उभे राहिले आणि पुसायला काहीतरी शोधू लागले.

ताट माझ्या हातात होतं. मी पुढे झाले. “हा घ्या साहेब,” मी म्हटलं. “बाईंच्या सूचनांप्रमाणे धुतलेला.”

त्यांनी पुसलं. पाणी उजव्या हातावरून डाव्या हातावर गेलं. परत पुसलं, ते मनगटाकडे गेलं. मी दुसरा दिला, मग तिसरा. मंडळ बघत होतं, आया बघत होत्या, बाळसुद्धा एक डोळा उघडून बघत होतं. अध्यक्षांचे हात होते तेवढेच ओले होते, फक्त आता त्यांना फुलांचा वास येत होता.

“कापड सदोष दिसतंय,” व्यवस्थापक घाईने म्हणाला.

“हे धुतलं कुणी?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी,” मी म्हटलं.

“मग बरोबर आहे,” अध्यक्ष म्हणाले. “धुलाईघर बंद करतोय ते योग्यच आहे.”

व्यवस्थापकाने ते लिहून घेतलं. मला तोंड होतं, एरवी ते चालतंही पुष्कळ, पण बोलून काय सांगणार होते? माझ्याकडे लेखी काही नव्हतं. माझी तर सवय होती.

बाई टेबलामागून बाहेर आली. तिने माझ्या खांद्यावरचा जुना, मळकट लंगोट उचलला आणि अध्यक्षांच्या हातावर ठेवला. त्यांनी किळस आल्यासारखं तोंड केलं, पण दुसरा इलाज नव्हता. एकदा पुसलं. हात कोरडे झाले. त्यांनी तळवे उलटे-सुलटे करून बघितले.

“मी मघाशी खोटं बोलले,” ती म्हणाली. शब्द मागच्या आयांपर्यंत स्पष्ट पोचत होते. “बाळाला नेसवलेला लंगोट धुलाईघरातला होता, मावशींच्या पद्धतीने धुतलेला. ताटातले हे बाकीचे माझ्या पद्धतीचे. सातवी सूचना चूक आहे. त्यामुळे माझ्या स्वतःच्या बाळाला महिनाभर पुरळ होतं. तिसरीही चूक आहे. उरलेल्या एकोणीस मी कधी तपासलेल्या नाहीत.”

मागून एक आई म्हणाली, “चौथी बरोबर आहे. ओला झाला की बदलायचा.” आणि सगळ्या आया हसायला लागल्या, टाके दुखतात म्हणून पोट धरून.

साडेअकराला अल्पोपाहार मात्र वेळेवर झाला.

पुढे जे व्हायचं ते झालं. एक समिती नेमली गेली. तिने यंत्रवाल्या लाँड्रीचा विषय पुढील विचारार्थ ठेवला, म्हणजे तो आता माझ्या निवृत्तीपर्यंत तरी हलत नाही. एकवीस सूचनांचे गठ्ठे मागे घेतले. ते मी माझ्या फडताळात अंथरले, कागद गुळगुळीत असल्यामुळे ओल धरत नाही. आणि बाईला काढून टाकावं, तर तिला नेमलं कुणी हा प्रश्न येणार होता, म्हणून व्यवस्थापकाने दुसरा मार्ग काढला. तीन महिने वाढवून दिले, आणि शिक्षा म्हणून तिला धुलाईघरात पाठवलं. पत्रात तसंच लिहिलं होतं, ‘शिस्तभंगाबद्दल’. सव्वीस वर्षं आपण शिक्षेच्या जागी कामाला आहोत, हे मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी ती रबरी सपाता घालून आली. एका काखेत वही, दुसऱ्या काखेत बोचकं.

“वही कशाला?” मी विचारलं.

“तुमची पद्धत लिहून द्यायला सांगितलीय. एकवीस मुद्दे पाहिजेत.”

“माझ्याकडे सहाच आहेत. उरलेले पंधरा त्यांना हौस असेल तर त्यांनी घालावेत. आणि हे काय?”

तिने बोचकं सोडलं. कपाटाच्या वरच्या खणातले चोवीस लंगोट. काठाला बारीक टाके घातलेले, एका कोपऱ्यात प्रत्येकाला रंगीत दोऱ्याचं फूल. मी एक हातात घेतला. वास अजून येत होता.

गुरुवारच्या त्या ‘हो’बद्दल मी तिला बोलायचं ठरवलं होतं. चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून रविवारभर वाक्यं जुळवली होती. ती फुलं बघितली आणि वाक्यं कुठे गेली कळलं नाही. “चूल पेटव,” मी म्हटलं. “साबण घालू नकोस. नुसतं उकळत राहायचं, पाणी बदलत राहायचं.”

पहिल्या दिवशी पाण्यावर फेस आला, साबण न घालता. संध्याकाळी थेंब सोडला, तो बसून राहिला. “परत,” मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी थेंब विसापर्यंत थांबला आणि आळसावल्यासारखा आत गेला. “परत.” तिसऱ्या दिवशी आठ. तिचे हात लाल झाले होते, नखं पांढरी पडली होती, पण तिने एकदाही विचारलं नाही की हे कुठे लिहिलंय.

चौथ्या दिवशी दुपारी गच्चीवर तिने दोरीवरचा एक लंगोट उतरवला, कठड्यावर पसरला आणि बादलीत बोट बुडवलं. मी जवळ गेले नाही. दुरूनच तिचे ओठ हलताना बघितले. एक. दोन. ती थांबली. मग दुसरा घेतला. मग तिसरा. मग ती खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली.

“गेला ना?” मी विचारलं.

“गेला,” ती म्हणाली. “मावशी, मला वाटत होतं मीच वाईट आई आहे.”

तिच्या शेजारी बसावं, पाठीवरून हात फिरवावा असं फार वाटलं, पण माझे हात ओले होते. खांद्यावर लंगोट होता, त्याने मी ते पुसले आणि मग तिच्या पाठीवर ठेवले.

थोड्या वेळाने मी म्हटलं, “झालं असेल तर उरलेले एकवीस उतरव. ऊन चाललं.”